पितळ उघडं पडलं

तुम्हाला म्हणून सांगतो, स्वयंपाकातलं मला काहीच येत नाही ही माझ्याबद्दल पसरवलेली अफवा आहे. मला चहा येतो. पापड भाजता येतो, एका बाजूने. खिचडीचा कुकर किती शिट्ट्यांनी उतरवायचा हे तर तोंडपाठ आहे. फक्त मी शिट्ट्या मोजायला बसलो की दाराची बेल वाजते, दारात कुणीतरी पत्ता विचारत उभा असतो, पत्ता सांगता सांगता तो आमच्या तुमसरच्या मामांच्या ओळखीचा निघतो, आणि मामांचे गुडघे, धानाचा भाव, त्यांच्या शेजाऱ्याचं कोर्टातलं बांधाचं प्रकरण असं सगळं आटोपून आत यावं, तर बायकोने गॅस बंद करून खिचडी वाढायलाही घेतलेली असते. तिने किती शिट्ट्या मोजल्या हे ती सांगत नाही. एकूण काय, आमच्याकडे ओट्याजवळ मला मुक्काम करू देत नाहीत. पाणी प्यायला जावं, पिऊन परत यावं.

हे असं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. मग आमच्या कन्येला पुण्यात नोकरी लागली.

पुण्यातल्या मुली रविवारी फोन करून आज काय खाल्लं ते सांगतात आणि भंडाऱ्यातल्या आईबापांना त्यातलं अर्धं कळत नाही. असंच एकदा तिने सांगितलं, नाश्त्याला शकशुका खाल्ली. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे आमच्या आईनेही ऐकलं. "काय म्हणून राह्यली ते? शुकशुकाट?" आई म्हणाली. "एकटी राह्यते ना बाप्पा पोरगी, वाटनच शुकशुकाट. तिले म्हणा, घरी ये." मग कन्येने फोटो पाठवला. काळ्या लोखंडी तव्यात टोमॅटोचा दाट लाल रस्सा, त्यात दोन अंडी अख्खीच्या अख्खी बसवलेली, पांढरं घट्ट, पिवळं हललं तर फुटेल इतकं नाजूक, वर कोथिंबीर भुरभुरलेली, कडेला पावाचे दोन तुकडे. किंमत तीनशे चाळीस रुपये.

माझी हयात सरकारी कचेरीत दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेली. मी पेन्सिल घेतली. दोन अंड्यांचे चौदा रुपये, टोमॅटो दहाचे, कांदा, लसूण, तेल, गॅस, पाव, सगळं सढळ हाताने धरलं तरी पन्नासच्या आत. मग म्हटलं, आपल्या हातून अन्याय नको, म्हणून २०२३च्या पावसाळ्यात टोमॅटो किलोला दीडशेच्या वर गेले होते, तो भाव लावून पाहिला. तरीही बेरीज शंभराला शिवेना. "उरलेले पैसे कशाचे?" मी विचारलं. "अँबियन्सचे, बाबा," कन्या म्हणाली. "ते आपल्याकडे फुकट आहे," मी म्हणालो. "तू ये, मी करून घालतो."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा घरात माझी आई होती आणि बायको होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासू-सुनेचं इतकं एकमत मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कुठलंही काम हाती घेण्याआधी त्याचा साद्यंत अभ्यास करायचा हा आमच्या घराण्याचा शिरस्ता आहे. बहुतेक वेळा अभ्यासातच उत्साह संपतो आणि कामाची वेळ येत नाही. या वेळी मात्र अभ्यास जरा जास्तच रंगला. हा पदार्थ उत्तर आफ्रिकेचा, ट्युनिशिया-लिबियाकडचा. १९४८ साली इस्रायल झालं, तिकडचे ज्यू नंतरच्या वर्षांत इस्रायलला गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला आणि तिथल्या घराघरांतला नाश्ता होऊन बसला. आणि त्याच इस्रायलमध्ये आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत ते मराठी बोलणारे लोक, तेही गेलेले. म्हणजे दिमोना नाहीतर अश्दोदमधल्या एखाद्या स्वयंपाकघरात आज सकाळी कुणी आजीबाई "अगं, मंद कर ना आच!" असं ओरडली असण्याची दाट शक्यता होती. मला फार धीर आला. पुढे कळलं, इतक्या लांब जायचीही गरज नाही, मुंबईच्या पारश्यांकडे टमेटा पर ईडू पिढ्यान् पिढ्या चाललेलं आहे. कांद्या-टोमॅटोचा मसालेदार लगदा, त्यावर अंडं. पारशी माणूस भेंडीवर अंडं फोडतो, बटाट्याच्या सळ्यांवर फोडतो. जी भाजी कढईत थोडा वेळ निमूट बसेल तिच्यावर तो अंडं फोडतो. बरं, टोमॅटो तरी कुणाच्या बापाचा? तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या जहाजातून आपल्याकडे आलेला. ट्युनिशियात झालं, इस्रायलात झालं, मुंबईत झालं. राहिला होता फक्त भंडारा.

कृतीतलं पहिलं वाक्य होतं, 'एक पसरट, जाड बुडाचं भांडं घ्या.' आमची गाडी तिथेच अडली.

आमच्या घरात अंड्याचा इतिहास नाजूक आहे. वडिलांच्या काळात अंडं घरात येत नसे, ते सपरीपर्यंत येई. तिथे वातीच्या स्टोव्हवर, एका पोचे पडलेल्या जर्मनच्या गंजात वडील स्वतः ते उकडत, स्वतः सोलत, आणि तो गंज मागच्या कोनाड्यात पालथा घालून ठेवत; त्याला घरातल्या घासणीचा स्पर्श होत नसे. पुढे डॉक्टरांनी आईलाच अंडं सुरू करायला सांगितलं. आई आता सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि अख्खा श्रावण वगळून अंडं खाते, म्हणजे तसं क्वचितच खाते; पण भांडं वेगळं पाहिजे हे कलम तिने रद्द केलेलं नाही. राहता राहिला बायकोचा नॉनस्टिक पॅन. "त्याला हात लावायचा नाही," बायको म्हणाली. "मागे तुम्ही तो तारेच्या घासणीने घासून दिला होता." मी दिला होता हे खरं आहे. चांगला पांढरा स्वच्छ निघाला होता.

मग मी माळ्यावर चढलो. कूलरचे जुने पॅड, दिवाळी अंकांचा गठ्ठा, तुटका पाळणा आणि कुणाच्यातरी लग्नातली अहेराची अख्खी थप्पी ओलांडल्यावर कोपऱ्यात ती सापडली. पसरट, जाड बुडाची, दोन कड्यांची पितळी कढई. बाहेरून काळीठिक्कर, पण काठाला अंगठा घासला तेव्हा एकेक ठिपका ठोकून कोरलेली अक्षरं वर आली: आईचं माहेरचं नाव, खाली 'मामाकडून', आणि 'सन १९६४'. आईच्या आंदणातली. माझा ऊर भरून आला. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. या गावचे तांबे-गुंड कुठकुठल्या लग्नांत वाजतगाजत गेलेले. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, नवेगावबांधचा तलाव तिकडे गेला, बरंच काही तिकडे गेलं, पितळेचं नाव तेवढं आपल्याकडे राहिलं. माझा स्वतःचा पितळेशी संबंध एवढाच, की चौथीच्या भूगोलात 'पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर' या रिकाम्या जागेत मी आमच्याच गावाचं नाव लिहून गुण मिळवला होता. तरी अभिमान हा अभिमान असतो. पुण्यातल्या त्या काळ्या लोखंडी तव्याच्या तोंडावर ही झळाळती पितळी कढई मारायची, असं मी ठरवलं.

झळाळायला ती आधी घासायला हवी होती. बाहेरून चिंच आणि राख लावली, मीठ लावलं, आणि तासाभरात सोनं उजेडात आलं. आतली बाजू मात्र हट्टी निघाली. आत सगळीकडे एक करडा, मळकट पांढरा थर बसलेला, कुठे कुठे झिजून खालचं पिवळं दिसत होतं. साठ वर्षांची मळी, दुसरं काय? चिंचेने जाईना, राखेने जाईना. मग बांधकामातली उरलेली वैनगंगेची रेती मागच्या दारी पडली होती, ती मूठभर घेतली, तारेची घासणी घेतली, कढई दोन पायांत धरली आणि अंगातली सगळी ताकद लावली. बायको बहिणीकडे गेली होती, आई मालिका पाहत होती, अडवायला कुणी नव्हतं. दुपार टळली, दंड भरून आले, बोटांची सालं निघाली, पण शेवटच्या करड्या डागापर्यंत मी हटलो नाही. संध्याकाळी कढई आतूनबाहेरून एकसारखी पिवळीधमक होती. इतकं चोख काम मी नोकरीतही केलं नव्हतं. सगळ्यांना ऐन वेळी चकित करायचं म्हणून ती मी पोत्याखाली झाकून ठेवली.

कन्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने यायची होती. ही गाडी कोल्हापुरातून निघते आणि राज्याबाहेर पाऊल न टाकता गोंदियापर्यंत जाते, त्यामुळे वाटेत सगळा महाराष्ट्र तिच्यात चढतो आणि उतरतो. ती संध्याकाळी वरठीला लागेल, मग घरी, मग लगेच गरमागरम शकशुका, असा माझा बेत होता. शेजारचे गुरुजी आणि त्यांच्या पत्नी यांनाही बोलावून ठेवलं. साक्षीदार जितके कमी तितकं बरं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुपारी बाजारात गेलो. हिवाळा असल्यामुळे टोमॅटोचे ढीग लागलेले. भाजीवालीने माझ्याकडे पाहून, हा गडी एकटा आलाय हे ओळखलं. "काका, हे गावरानी भेदरे न्या जी. ते दुसरे नुसते दिसाले चांगले. हे आंबट आहेत, चटणीले एक नंबर." आंबट म्हटल्यावर मी दोन किलो घेतले. वर तिने सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट दिला, मी तो पिशवीत सगळ्यात खाली ठेवला आणि त्यावर टोमॅटो ठेवले. घरी पोचेपर्यंत त्याची चटणी झाली होती, पण तो पुढचा प्रश्न होता.

कृतीत दोन मोठे चमचे पॅप्रिका लिहिली होती. पॅप्रिका म्हणजे लाल मिरचीची पूड, हे मी शोधून काढलं. ती मिरची फक्त रंगापुरती असते, तिला तिखटपणा जेमतेम असतो, एवढं शोधायचं राहिलं. पवनीकडच्या एका जुन्या सहकाऱ्याने दर वर्षीप्रमाणे भिवापुरी मिरचीचं तिखट पाठवलं होतं. भिवापूर तसं नागपूर जिल्ह्यात, पण पवनीला लागून. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. कशासाठी मिळालंय, ते तेलात दोन मोठे चमचे पडल्याबरोबर समजलं. आधी मला ठसका लागला, मग मालिका बंद झाली, मग आई काठी टेकत अंगणात जाताना दिसली, आणि पाठोपाठ बायको तोंडाला पदर लावून, डोळे पुसत, "खिडकी उघडा, खिडकी!" असं म्हणत निघून गेली. स्वयंपाकघर पूर्णपणे माझ्या ताब्यात आलं.

कांदा, लसूण, ढोबळी मिरची, जिरं, हळद, मग टोमॅटो. पितळ पटकन तापतं, त्यामुळे तळाला लागायला लागलं. मी पाणी घातलं, पातळ झालं. आटवायला ठेवलं, पुन्हा लागलं. शेवटी डाव फिरवला की मागे क्षणभर वाट मोकळी राहावी आणि मग रस्सा सावकाश मिटावा, असं जे लिहिलं होतं ते हुबेहूब दिसलं. मी चव घेतली. भिवापुरीने जीभ बधिर झाली होती, त्यामुळे मला चव लागली नाही, तिखट तेवढं लागलं. छान झालंय असं समजून मी गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं आणि गाडी कुठे आहे ते मोबाइलवर पाहिलं. गाडी वर्ध्याच्या अलीकडेच उभी होती.

ती बराच वेळ उभी होती. दिवस मावळला, गुरुजी येऊन बसले, त्यांचा सुपारीचा डबा दोनदा उघडला आणि मिटला, आणि तो आंबट गावरान रस्सा त्या चोख घासलेल्या पितळी कढईत झाकणाखाली निवांत मुरत पडला.

कन्या आली, हातपाय धुतले, आणि मी अंड्यांकडे वळलो. फ्रिजमधली जुनी आणि दुपारी आणलेली नवी एकाच ट्रेमध्ये मिसळली होती. अंडं ताजं की शिळं हे पाण्यात टाकून ओळखतात, एवढं मला माहीत होतं. काही अंडी तळाला आडवी पडली, काही तळावर टोक टेकून उभी राहिली. आडवी पडलेली मला आळशी वाटली. उभी राहिलेली कशी ताठ, उमदी, हाक मारली की हजर! कचेरीत आम्ही साहेबांपुढे उभे राहणारेच वर चढताना पाहिलेले. मी उभी निवडली. शिळ्या अंड्यात हवेची पोकळी मोठी होते आणि म्हणून ते उभं राहतं, आणि त्याचं पांढरं पातळ झालेलं असतं, हे कन्येने नंतर सांगितलं. रस्शात डावाने खळगे करायचे आणि एकेक अंडं आधी वाटीत फोडून मग अलगद सोडायचं, असा नियम आहे. मी वाटी कशाला खरकटी करायची म्हणून थेट कढईवर फोडलं. पहिल्याचं पिवळं फुटलं, दुसऱ्याचं कवच आत गेलं, ते काढायला बोट घातलं तर बोट भाजलं, बोट झटकलं तर तिसरं शेगडीवर पडलं. उरलेल्यांचं पातळ पांढरं खळग्यात थांबलंच नाही. ते रस्सा ओलांडून सगळीकडे पसरलं, आणि मी अजून डाव हातात धरून, कुठलं अंडं कुठे आहे याचा अंदाज घेत होतो.

तरी ती कढई मी टेबलाच्या मधोमध ठेवली तेव्हा "वा!" असं गुरुजी म्हणाले. पितळ दिव्याखाली झळकत होतं.

मग सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि आई म्हणाली होती तो शुकशुकाट आमच्या जेवणघरात पसरला. तिखटाच्या पलीकडे, घशाकडे जाता जाता, जिभेवर जुनं नाणं ठेवावं तशी एक कडवट, तुरट चव येत होती. कन्येने घास गालात धरून ठेवला. गुरुजींच्या पत्नी पाण्याचा तांब्या शोधू लागल्या. गुरुजी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवत आलेले, त्यामुळे त्यांनी काहीच न बोलणं पसंत केलं.

"हे कळकलं," आई म्हणाली.

तिने कढई स्वतःकडे ओढली, रस्सा एका बाजूला सारून आत पाहिलं. जिथे जिथे टोमॅटो टेकला होता तिथे पिवळ्यावर तांबूस-गुलाबी डाग उठले होते. मला वाटलं, आता आंदणाच्या कढईत अंडं शिजवल्याबद्दल गुरुजींसमोर माझी खरडपट्टी निघणार. तीन पिढ्यांचा नियम मोडलेला, तोही मामाने दिलेल्या भांड्यात. पण आईने अंड्याचं नावच काढलं नाही.

"कल्हई कुठं गेली रे इची?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आत साठ वर्षांची मळी होती, ती मी रेतीने घासून काढली.

आईने माझ्याकडे असं पाहिलं की चौथीतला तो एक गुणही मला परत करावासा वाटला. "मळी? बाप्पा, ते कथील होतं! माह्या लग्नापासून टिकवून ठेवलं, घासाचं तर नुसत्या राखीनं, तेही हलक्या हातानं. अंडं शिजवलं त्याचं काही नाही रे. कल्हई काऊन घासली?"

आता तुम्ही म्हणाल, भंडाऱ्यात जन्म काढला आणि माणसाला कल्हई ठाऊक नाही? ठाऊक आहे हो. हेच तर दुखणं आहे. लहानपणी आमच्या खांबतलावाच्या बाजूला कल्हईवाला येऊन बसला की मी दप्तर टाकून त्याच्यासमोर उकिडवा बसत असे. जमिनीत खड्डा, खड्ड्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. भांडं निखाऱ्यांवर चांगलं तापलं की चिमूटभर नवसागर आत टाकायचा. पांढरा, नाकात झोंबणारा धूर भक्कन वर यायचा. मग कथलाची कांडी त्या तापल्या पितळेला नुसती टेकवली की ती वितळायची, कथील २३२ अंशांना वितळतं, आणि कापसाचा बोळा हातात धरून तो एका गोल फेऱ्यात ते आतभर फिरवायचा. काळंपिवळं भांडं डोळ्यांदेखत चंदेरी. मग पाण्यात, चर्रर्र. हे मी किती तरी वेळा श्वास रोखून पाहिलं, आणि तो चंदेरी थर जुना झाल्यावर करडा दिसतो, एवढं मात्र मला साठीतही ओळखता आलं नाही. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं. चिंच, दही, आमसूल, टोमॅटो असं काही आंबट त्यात मुरलं की धातू सुटून अन्नात उतरतो, पोट ढवळतं, उलट्या होतात. मध्ये कथील असलं की आंबटाचं काही चालत नाही. मी दिवसभर घाम गाळून दूर केलं ते नेमकं तेच कथील.

सगळं मागच्या दारी खड्ड्यात गेलं. कुत्र्यालाही घालू नका, असं आईने बजावलं. बायकोने कुकर लावला, आडवी पडलेली आळशी अंडी उकडून सावजी मसाल्याचा रस्सा केला, आणि रात्री सगळे भरपूर भात जेवले. गुरुजी तीनदा रस्सा वाढून घेत "पदार्थ उत्तम झाला" असं म्हणाले, ते कुणाला उद्देशून होतं ते स्पष्ट होतं.

दुसऱ्या दिवशी कन्येला दया आली. तिच्या रदबदलीने मला नॉनस्टिक मिळाला, लाकडी डावाच्या अटीवर. तिखट अर्ध्या चमच्यावर आणलं, ताजी अंडी वाटीत फोडून अलगद सोडली, झाकण ठेवलं, सगळं पुस्तकाप्रमाणे. पुढे फक्त गप्प उभं राहायचं होतं. अंड्याचं पांढरं साधारण ६२-६३ अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतं आणि पिवळं ६५ ते ७० च्या दरम्यान. या दोन-चार अंशांच्या फटीत पांढरं धरलेलं आणि पिवळं सुटलेलं असं अंडं गाठायचं असतं. म्हणजे मंद आच, वर झाकण आणि आतल्या वाफेवर भरवसा. माझा भरवसा नाही. मी झाकण उचलून पाहिलं. वाफ गेली. पुन्हा ठेवलं, पुन्हा पाहिलं. वरचं पांढरं अजून पाण्यासारखं दिसलं म्हणून डावाने किंचित, अगदी किंचित हलवलं. मग समतोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूनेही हलवलं. "बाबा, आता हे तुर्की झालं," कन्या म्हणाली. तुर्कस्तानात टोमॅटोत अंडं ढवळूनच करतात, त्याला मेनेमेन म्हणतात. मी आणखी थोडं ढवळलं. मग ते भंडाऱ्याचंच झालं. आईने ती भुर्जी भाताबरोबर कालवून खाल्ली आणि मीठ बरोबर आहे म्हणाली. ते कन्येने घातलं होतं.

कन्या परत गेली. तिकडे ती आता रविवारी तीनशे चाळीस रुपये देते तेव्हा मला कळवते, आणि मी बिल तपासायचं बंद केलं आहे. आईचं मात्र एकच टुमणं आहे: कढईला कल्हई लावून आण. बडा बाजारात भांड्यांच्या दुकानांतून विचारून आलो. सगळीकडे स्टील, आणि पितळ आहे ते दिवाणखान्यात ठेवायचं. एका म्हाताऱ्या दुकानदाराने कढई उलटीसुलटी करून पाहिली, आतून हात फिरवला आणि विचारलं, "कोणी घासली हो इतकी?" मी म्हटलं, "नोकराने."

तर तुमच्या माहितीत भंडारा, मोहाडी, लाखनी, पवनी, कुठेही अजून भात्यावर बसणारा कल्हईवाला असेल, तर कृपा करून कळवा. तो म्हणेल तो भाव देईन, बिल मागणार नाही. कढई फक्त जशी आहे तशीच आणीन. घासून आणायला सांगू नका.